पासोडी, रुमाल आणि चकती

बीड जिल्ह्यांतील केज तालुक्यांत युसूफ वडगांव नांवाचें गांव आहे. गांवाच्या नांवांतच दोन भाषा शेजारीं शेजारीं नांदतात. पहिला शब्द अरबी वळणाचा, दुसरा आपल्या मातींतला. त्या गांवांतील एखादें घर डोळ्यांपुढें आणा. मुलगा पुण्यास नोकरीला आहे. दिवाळीस घरीं येतांना तो तळहातावर मावेल एवढी एक काळी पेटी घेऊन येतो. संगणकास बाहेरून जोडावयाची हार्ड डिस्क ती हीच. घरांतील लोखंडी ट्रंकेंत आजोबांच्या वेळचे मोडी कागद, उर्दूंतील पावत्या, सातबाऱ्याचे जुने उतारे आणि बहिणीच्या लग्नाचीं छायाचित्रें एकत्र पडलेलीं आहेत. मोबाइलमध्यें आजीच्या तोंडच्या जात्यावरील ओव्या ध्वनिमुद्रित केलेल्या आहेत. मुलगा म्हणतो, "अण्णा, आतां हें सगळें यांत भरून टाकूं, म्हणजे काळजी मिटली." वडील पेटी हातांत घेऊन उलटीसुलटी पाहतात आणि विचारतात, "अरे, आणि ही पेटीच बिघडली तर?"

हें घर कल्पनेंतलें आहे. पण असा प्रश्न विचारणारे वडील आपणांपैकीं बहुतेकांच्या घरीं असतील. प्रश्न साधा दिसतो, परंतु लिहिण्याची कला जेवढी जुनी तेवढाच तोही जुना आहे. ती पेटी संगणकास कशी जोडावी व कशी सिद्ध करावी, हें मी शेवटीं सांगणारच आहें. तत्पूर्वीं आपल्या पूर्वजांनीं आपलें लिखाण कशावर ठेवलें आणि तें कशामुळें वांचलें, हें थोडें पाहूं. कारण वडिलांच्या प्रश्नाचें उत्तर तेथेंच आहे.

केज तालुक्याला लागूनच अंबाजोगाईचा तालुका आहे. निजामी अमदानींत अंबाजोगाईस मोमिनाबाद म्हणत. या गांवीं सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धांत व सतराव्याच्या आरंभीं दासोपंत राहत होते. त्यांचा 'गीतार्णव' हा ग्रंथ सव्वा लाख ओव्यांचा म्हणून प्रसिद्ध आहे. एवढ्या मोठ्या लेखकास कागद अपुरा वाटला असेल कीं काय, कोण जाणे. पण 'पंचीकरण' हा वेदान्तविषय त्यांनीं कापडाच्या एका लांबलचक पासोडीवर लिहिला. सुमारें सोळाशें ओव्या आणि त्यांच्या जोडीला आकृत्या, असा तो पसारा आहे. अंगावर घ्यावयाचें जाडेंभरडें वस्त्र तें ग्रंथाचें पान झालें! घडी घालावी, उचलावी, दुसऱ्या घरीं न्यावी, तेथें पसरावी आणि वाचावी. लिहिणाऱ्याच्या बैठकीपासून वेगळें होऊन सोईनें हिंडूं शकणारें भांडार, असें आजच्या बाह्य डिस्कचें वर्णन करावयाचें, तर ती पासोडी तिची पूर्वजच म्हटली पाहिजे. ती अंबाजोगाईस जतन झाली. पण ती वांचली ती कापड चिवट होतें एवढ्यानें नव्हे. पिढ्यान् पिढ्या तिला उन्हापासून, पाण्यापासून आणि कसरीपासून जपणारीं माणसें भेटलीं म्हणून ती वांचली.

परंतु असें भाग्य सर्वच ग्रंथांच्या वांट्यास येत नाहीं. खुद्द ज्ञानेश्वरीचीच गोष्ट घ्या. ग्रंथ १२९० सालचा. पण त्या वेळचें मूळ लिखाण आज कोठेंही नाहीं. ग्रंथ आपल्यापर्यंत आला तो नकलांच्या वाटेनें. नकलनवीस माणूसच असल्यामुळें नकलेंत चुका शिरल्या, कोणी पदरच्या ओव्या घातल्या, आणि अखेर १५८४ सालीं पैठणच्या एकनाथ महाराजांना निरनिराळ्या प्रती ताडून पाठ शुद्ध करावा लागला. म्हणजे नक्कल केल्यानें ग्रंथ वांचतो हें जितकें खरें, तितकेंच नक्कल ताडून पाहिली नाहीं तर ग्रंथ बिघडतो हेंही खरें.

याच ग्रंथाची आणखी एक कथा बीडच्या परिसरांतली आहे. इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांना बीडजवळील पाटांगण येथें ज्ञानेश्वरीची एक जुनी पोथी मिळाली. ती एकनाथपूर्व आहे असें त्यांचें मत झालें आणि १९०९ सालीं त्यांनीं ती छापून प्रसिद्ध केली. पुढें पोथीच्या प्राचीनतेविषयीं पंडितांत वाद झाला. असा वाद मिटविण्याचा सरळ मार्ग म्हणजे मूळ पोथी पुढें ठेवणें. परंतु ती मूळ पोथी आज अभ्यासकांस उपलब्ध नाहीं. छापील प्रत आहे म्हणून शब्द राहिले. पण कागद कसा होता, शाई कोणती होती, अक्षराचें वळण कोणत्या काळचें होतें, हे प्रश्न आतां कोणाला विचारावे? श्रोतेहो, नक्कल झाली म्हणून मूळ टाकून देऊं नये, हा धडा बीडच्याच भूमींत मिळाला आहे.

हे झाले ग्रंथ. व्यवहाराचे कागद राखण्याची आपली रीत याहून अधिक काटेकोर होती. मराठेशाहींतील दप्तरें मोडी लिपींत लिहिलीं जात, आणि कागदांच्या गड्ड्या चौकोनी कापडांत बांधून ठेवीत. त्या गांठोड्यास रुमाल म्हणत. रुमालाच्या पोटांत काय आहे हें उघडण्यापूर्वींच कळावें, हें दप्तरदारीचें पहिलें तत्त्व. आणि हिशेबाचा मूळ कागदाशीं मेळ घालणें, म्हणजे रुजवात, हें दुसरें. पुण्याच्या पेशवे दप्तरांत असे कोट्यवधि कागद राहिले. त्यांतून निवड करून गोविंद सखाराम सरदेसाई यांनीं १९३० ते १९३४ या अवघ्या कांहीं वर्षांत पंचेचाळीस भाग प्रसिद्ध केले. कागद नुसते पडून असते, पण रुमालांची व्यवस्था नसती, तर हें काम एका जन्मांत झालें नसतें.

आतां १८९८ या सालाकडे वळूं. त्या सालीं राजवाड्यांच्या 'मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें' या ग्रंथमालेचा पहिला खंड निघाला. पुढें तिचे बावीस खंड झाले. वाड्यांच्या माळ्यांवर, अडगळींत, वाळवीच्या तोंडीं पडलेले कागद शोधीत हा पुरुष गांवोगांव हिंडला. १९२६ सालीं धुळ्यास त्याचा अंत झाला. योगायोग असा कीं, त्याच १८९८ सालीं युरोपांत डेन्मार्क देशीं वाल्डेमार पाउलसेन या तरुण अभियंत्यानें पोलादी तारेवर चुंबकाच्या योगानें आवाज उतरून ठेवण्याची युक्ति शोधून काढली. १९०० सालच्या पॅरिसच्या प्रदर्शनांत त्यानें ऑस्ट्रियाचे सम्राट फ्रांझ जोसेफ यांचा आवाज तारेवर घेतला, आणि तो आजही ऐकावयास मिळतो. जुना कागद वांचविण्याची आपल्याकडील धडपड आणि नव्या तऱ्हेच्या 'कागदाचा' जन्म, या दोन्ही गोष्टी एकाच वर्षांत घडल्या. एकीला दुसरीची वार्ताही नव्हती.

पाउलसेनची तार पुढें फीत झाली आणि फितीची पुढें चकती झाली. फितींत एक अडचण होती. मधला मजकूर हवा तर आरंभापासून ती उलगडीत जावें लागे. दासोपंतांच्या पासोडीसारखेंच तें काम. चकतीवर मात्र सुई हवी तेथें नेतां येते. १९५६ सालच्या सप्टेंबरांत अमेरिकेंतील आयबीएम कंपनीनें रेनॉल्ड जॉन्सन यांच्या हाताखालीं सिद्ध झालेलें असें पहिलें चकतीभांडार जगापुढें मांडलें. चोवीस इंच व्यासाच्या पन्नास चकत्या एका दांड्यावर बसविलेल्या होत्या. वजन सुमारें एक टन. आणि एवढ्या धुडांत मावत किती, तर पन्नास लाख अक्षरें! सबंध यंत्रसंचाचें भाडें दरमहा ३२०० डॉलर होतें. त्यानंतर दीड महिन्यानें, १ नोव्हेंबर १९५६ रोजीं, बीड जिल्हा मराठवाड्यासह हैदराबाद राज्यांतून निघून मुंबई राज्यांत आला. आपल्याकडे दप्तरांची वांटणी होत असतांना तिकडे दप्तराचें रूपच पालटत होतें.

पुढचा प्रवास झपाट्याचा आहे. १९७३ सालीं चकती आणि तिचें वाचन करणारी शलाका हीं एकाच बंद डब्यांत ठेवण्याची पद्धत आली, त्यामुळें धुळीची बाधा कमी झाली. १९८० सालीं सीगेट कंपनीनें सवापांच इंची चकतीची हार्ड डिस्क काढली. तिची शक्तिही पन्नास लाख अक्षरांच्याच आसपास होती. पण एक टनाचें ओझें चोवीस वर्षांत दोन हातांत मावूं लागलें होतें. १९८८ सालीं आल्बेर फेर्त व पेटर ग्र्यूनबर्ग या शास्त्रज्ञांनीं पातळ धातुपटलांचा एक विलक्षण चुंबकीय गुण शोधून काढला. त्याच्या बळावर अतिसूक्ष्म चुंबकीय खुणाही वाचतां येऊं लागल्या, आणि दोघांना २००७ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. १९९६ सालीं यूएसबी जोडणीचा नियम ठरला, आणि पुढें चकती संगणकाच्या पोटांतून बाहेर येऊन केबलच्या एका टोकाला लटकूं लागली.

या पेटीची शक्ति किती म्हणाल? दोन टेराबाइटची डिस्क घेऊं. देवनागरीचें एक चिन्ह सामान्यतः तीन बाइट जागा घेतें. एका ओवीस सरासरी तीनशें बाइट धरले, तर सव्वा लाख ओव्यांच्या गीतार्णवाच्या पन्नास हजारांहून अधिक प्रती तींत मावतील. दासोपंतांनीं ही पेटी पाहिली असती, तर तेही क्षणभर लेखणी खालीं ठेवते! पण वडिलांचा प्रश्न तसाच उभा आहे. जेवढें अधिक एका ठिकाणीं मावतें, तेवढें अधिक एका क्षणीं जाऊं शकतें.

आतां पेटी उघडूं. प्रथम ती सपाट, स्थिर जागीं ठेवावी. आंतील चकती मिनिटास हजारों फेरे घेते, आणि शलाका तिच्यावरून मिलिमीटरच्या लाखाव्या भागाहूनही कमी अंतरावर तरंगते. चालत्या डिस्कला धक्का बसला कीं शलाका पृष्ठभागास घांसलीच म्हणून समजा. कांहीं नव्या पेट्यांत चकती नसून नुसत्या विद्युत्-स्मृतीच्या वड्या असतात. त्यांना धक्क्याची भीति कमी. पण विजेवांचून वर्षानुवर्षें कपाटांत पडून राहणें त्यांना मानवत नाहीं. केबल थेट संगणकास लावावी. ज्या घरीं वीज वेळीं-अवेळीं जाते, तेथें बॅटरीवर चालणाऱ्या लॅपटॉपवर हें काम करणें शहाणपणाचें.

पेटी जोडतांच पहिला संशय येतो तो असा, कीं दुकानदारानें फसविलें. डब्यावर २ टेराबाइट लिहिलेलें असतें आणि विंडोजचा संगणक १.८१ च दाखवितो. यांत लबाडी नाहीं. विकणारा हजाराच्या पटीनें मोजतो, संगणक १०२४ च्या पटीनें. कच्च्या व पक्क्या शेराचा हा जुनाच झगडा आहे.

यापुढचें काम फॉरमॅटचें. कोरी चकती म्हणजे बांध नसलेलें रान. त्यावर गट पाडावे, क्रमांक द्यावे, कोणत्या गटांत काय आहे याचें पत्रक मांडावें, तेव्हां तें उपयोगाचें शेत होतें. या मोजणीच्या पद्धती अनेक आहेत. १९९६ च्या सुमारास आलेल्या फॅट-३२ पद्धतींत चार गिगाबाइटहून मोठी एक फाइल ठेवतां येत नाहीं. लग्नाची लांबलचक चित्रफीत तेथें अडते. १९९३ ची एनटीएफएस पद्धत विंडोजला जवळची, पण ॲपलचा संगणक ती नुसती वाचतो, तीवर सहसा लिहीत नाहीं. २००६ ची एक्स-फॅट दोघांनाही चालते. तेव्हां पुण्याचा मुलगा एक यंत्र वापरतो आणि गांवची शाळा दुसरें, अशी स्थिति असेल, तर एक्स-फॅट निवडावी. एक इशारा मात्र ध्यानांत असूं द्यावा. फॉरमॅट म्हणजे जुनें पत्रक फाडून नवें मांडणें. पेटींत पूर्वींचें कांहीं असेल तर तें आधीं दुसरीकडे काढून घ्यावें. नंतर हळहळून उपयोग नाहीं. नवी पेटी बहुधा फॉरमॅट होऊनच येते, आणि ती पद्धत आपल्या कामाची असेल तर उगाच छेडूं नये.

मग रुमाल बांधावे. 'नवीन फोल्डर', 'नवीन फोल्डर दोन' अशा नांवांनीं भरलेली डिस्क म्हणजे माळ्यावरची अडगळच. 'जमीन', 'लग्नें', 'आजीच्या ओव्या' अशीं नांवें द्यावीं, आणि नांवाआधीं साल घालावें. प्रत्येक छायाचित्रांत कोण आहे, हें घरांतील वडीलधाऱ्यांस विचारून एका साध्या मजकुराच्या फाइलींत लिहून ठेवावें. कारण हें ज्ञान कोणत्याही डिस्कमध्यें आपोआप उतरत नाहीं. नक्कल पुरी झाल्यावर रुजवात करावी. दहा-वीस फायली उघडून पाहाव्या, मूळ संख्या व नकलेची संख्या ताडावी. केबल ओढून काढण्यापूर्वीं संगणकास सुरक्षितपणें वेगळें करण्याची आज्ञा द्यावी. पुष्कळदां शेवटच्या ओळी अजून लिहिल्या जात असतात, आणि घाईनें काढलेली डिस्क म्हणजे नकलनवीसाच्या हाताखालून ओढलेला कागद होय.

एवढें केल्यावर मुलगा म्हणेल, झालें. पण झालें नाहीं. २१ जून २०१२ रोजीं मुंबईंत मंत्रालयास आग लागली. चौथ्या मजल्यावर सुरू झालेली ती आग वरच्या मजल्यांवर पसरली. पांच माणसें प्राणांस मुकलीं आणि असंख्य फायली जळाल्या. ज्या कागदाची प्रत अन्यत्र होती त्याचा आशय राहिला. ज्याची नव्हती त्याचा धूर झाला. राज्याच्या मुख्य कचेरीची जी गोष्ट, तीच घरच्या ट्रंकेची व पेटीची. म्हणून एक डिस्क ती डिस्कच नव्हे. दोन घ्याव्या, आणि दुसरी त्याच कपाटांत न ठेवतां दुसऱ्या गांवीं ठेवावी. बीड जिल्ह्यांत तर याला विशेष कारण आहे. दरसाल हजारों कुटुंबें ऊसतोडीस बाहेर पडतात आणि घरें महिनेन् महिने कुलुपांत असतात. ज्याचें घरच अर्धें वर्ष बंद, त्याची दुसरी प्रत नात्यागोत्यांत कोठेंतरी असलीच पाहिजे. शिवाय वर्षांतून एकदां दोन्ही डिस्का जोडून पाहाव्या, आणि पांच-सहा वर्षांनीं सर्व मजकूर नव्या पेटींत उतरावा. दसऱ्यास शस्त्रें पुजतों, तशी ही दप्तरें उघडण्यासही एक सण नेमावा.

आतां शेवटची आणि सर्वांत कठीण गोष्ट. कागद वांचला, डिस्कही वांचली. पण वाचतां आलें नाहीं तर? मोडी विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत व्यवहारांत होती. आज ती वाचणारीं माणसें बोटांवर मोजण्याइतकीं राहिलीं. मराठवाड्यांत तर भर अशी, कीं हैदराबाद संस्थानची दप्तरें प्रथम फारसींत व पुढें उर्दूंत लिहिलीं गेलीं. २०२३ सालीं महाराष्ट्र शासनानें न्यायमूर्ति संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखालीं समिति नेमून मराठवाड्यांतील निजामकालीन कागदांत कुणबी नोंदींचा शोध आरंभिला, तेव्हां गांवोगांवच्या जुन्या नोंदवह्या बाहेर निघाल्या. त्यामागील राजकीय वादांत मला येथें शिरावयाचें नाहीं. पण एक गोष्ट सर्वांच्या लक्षांत आली. शंभर वर्षें कोणीं विचारपूस न केलेला कागद एके दिवशीं कुटुंबाच्या भवितव्याचा आधार होऊन बसतो, आणि त्या दिवशीं तो वाचणारा मनुष्य शोधावा लागतो.

संगणकाच्या युगांतही मोडीसारखी गत होते. विसाव्या शतकाच्या अखेरीस मराठी मजकूर निरनिराळ्या खासगी टंकांत टाइप केला जाई. तो टंक संगणकावर नसला कीं 'श्री' च्या जागीं भलतींच चिन्हें उमटतात. युनिकोडच्या १९९१ सालच्या पहिल्या आवृत्तींतच देवनागरीला स्थान मिळालें, आणि २०१४ सालीं मोडीलाही मिळालें. म्हणून नवा मजकूर युनिकोडमध्येंच लिहावा. जुन्या टंकांतील मजकूर, तो टंक अजून जवळ आहे तोंवर, बदलून घ्यावा. मोडी कागदाचें छायाचित्र घ्यावें, जाणकाराकडून त्याचें बाळबोधींत लिप्यंतर करून घ्यावें, आणि दोन्ही एकाच रुमालांत ठेवावीं.

असो. युसूफ वडगांवच्या त्या घरीं पुन्हां जाऊं. "ही पेटीच बिघडली तर?" असें वडिलांनीं विचारलें होतें. त्याला उत्तर असें, कीं अण्णा, पेटी बिघडणारच. कापड विरतें, कागदाला वाळवी लागते, चकती थांबते. कोणत्याही पेटीनें आजवर कांहीं कायमचें राखलेलें नाहीं. राखलें तें नक्कल करणाऱ्यानें, ती ताडून पाहणाऱ्यानें आणि दुसऱ्याच्या हातीं सोंपविणाऱ्यानें. तेव्हां मुलानें दुसरी पेटी आणावी. ट्रंकेंतील मूळ कागद फेकूं नयेत, नीट घड्या करून सुक्या जागीं ठेवावे. आणि आजी आहे तोंवर तिच्या शेजारीं बसून, त्या ओव्यांतला प्रत्येक शब्द कोणता आणि त्याचा अर्थ काय, तें विचारून घ्यावें. पेटी बाजारांत पुन्हां मिळेल. आजीला विचारण्याची संधि मात्र पुन्हां मिळावयाची नाहीं.